वाट उघडणे आणि वाट राखणे

(गिरिभ्रमण करणाऱ्या युवक मंडळांच्या श्रमदान शिबिरात माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



पावसाने खचलेली डोंगरवाट दुरुस्त करावयास उद्या सकाळी आपण निघणार आहात. त्याआधी चार शब्द सांगावेत, अशी संयोजकांची सूचना आली तेव्हा मी थोडा अडखळलो. मी माहिती खात्यातला माणूस, शिक्षण कला शाखेचे. कुदळीपेक्षा लेखणीशी माझी ओळख जुनी. तथापि, हेच काम दूरदेशी करणाऱ्या स्वयंसेवकांची एक हकिकत अलीकडे माझ्या वाचनात आली आणि ती आपल्या कानांवर घालावी असे मनापासून वाटले. हे स्वयंसेवक सायकलस्वार आहेत. डोंगरातील अरुंद वाटांवरून जाड टायरांच्या सायकली चालविण्याचा छंद असलेली ही मंडळी वादळाने मोडलेल्या आपल्या वाटा स्वतःच्या हातांनी दुरुस्त करीत आहेत.

२६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री ‘हेलेन’ हे चक्रीवादळ अमेरिकेत फ्लोरिडा राज्याच्या किनाऱ्यावर धडकले. परंतु त्याचा सर्वांत क्रूर तडाखा बसला तो समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या पश्चिमेकडील ॲपलेशियन पर्वतराजीत. वादळ येण्यापूर्वीच तेथे संततधार लागलेली होती. बुसिक नावाच्या डोंगरी वस्तीत त्या चार-पाच दिवसांत ३० इंचांहून अधिक, म्हणजे सुमारे ७८० मिलिमीटर पाऊस मोजला गेला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस अनुभवलेल्या आपणांस हा आकडा कदाचित भयंकर वाटणार नाही. पण आपला सह्याद्री कातळाचा. ते डोंगर मातीच्या जाड थराचे आणि दाट वृक्षांचे. माती पाण्याने फुगून मऊ झाली, मुळांची पकड सैल झाली आणि त्याच अवस्थेत २७ तारखेला वारा आला. माउंट मिचेल या शिखरावर वाऱ्याचा झोत ताशी १७० किलोमीटरपर्यंत गेला. झाडे मधून मोडली, त्याहून अधिक मुळांसकट उपटली गेली. दोन हजारांहून अधिक ठिकाणी दरडी कोसळल्या. ॲशव्हिल शहरात फ्रेंच ब्रॉड नदीने १९१६ सालच्या महापुराची पातळी ओलांडली. एकट्या नॉर्थ कॅरोलिनात शंभराहून अधिक माणसे दगावली.

या १९१६ सालाशी तेथील वनाचा जवळचा संबंध आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी लाकूड कंपन्यांनी ते डोंगर बोडके केले होते. नद्यांच्या उगमाचे रक्षण व्हावे म्हणून १९११ साली वीक्स कायदा झाला आणि सरकारने खासगी जमिनी विकत घेऊन वने राखण्यास प्रारंभ केला. त्यातील पहिली खरेदी ओल्ड फोर्ट गावाजवळच्या कर्टिस क्रीक खोऱ्यातील. १९१६ च्या जुलैत महापूर आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पिस्गा राष्ट्रीय वनाची घोषणा झाली. सुमारे पाच लाख एकरांचे हे वन शंभर वर्षे वाढत राहिले. हेलेनने आडवी केली ती याच शंभर वर्षांत वाढलेली झाडे.

आता सायकलस्वारांविषयी. डोंगरी सायकलीचा जन्म १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात झाला. काही तरुणांनी जुन्या, दणकट सायकली डोंगरावर चढवून नेल्या आणि कच्च्या वाटेने त्या भरधाव खाली सोडल्या. १९७६ साली तेथे त्यांची पहिली शर्यत झाली. छंद पसरला आणि त्याबरोबर तक्रारीही आल्या. पायी चालणारे म्हणत, हे अंगावर येतात. घोडेस्वार म्हणत, घोडी बुजतात. वनाधिकारी म्हणत, ब्रेक दाबून घसरत जाणारे चाक माती ओरबाडून नेते. तक्रारी अगदीच निराधार नव्हत्या. कित्येक वाटा सायकलींना बंद झाल्या. तेव्हा या मंडळींनी १९८८ साली आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली आणि हाती फावडी घेतली. ज्या वाटेवर आम्ही चाक चालवू तिची डागडुजीही आम्हीच करू, असा तो व्यवहार होता. त्यात परोपकार होता तसा स्वार्थही होता, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. निव्वळ परोपकारावर उभे राहिलेले श्रमदान दुसऱ्या वर्षी थकते, असा माझा अनुभव आहे.

हेलेननंतरच्या पहिल्या काही दिवसांत या मंडळींनी वनाकडे पाहिलेही नाही, आणि तेच योग्य होते. रस्ते तुटलेले, वीज गेलेली, पिण्याचे पाणी नाही. ज्यांच्याजवळ यांत्रिक करवती होत्या त्यांनी त्या शेजाऱ्यांच्या दारांतील आणि गावरस्त्यांवरील झाडे कापण्यास लावल्या. वन तर सरकारी आदेशाने बंदच होते. पुढे भाग हळूहळू मोकळे होऊ लागले तरी ज्याच्या मनात आले त्याने करवत घेऊन आत जावे, अशी मुभा नव्हती. येथे उत्साही माणसाचा धीर सुटतो. आपण मदतीला उभे आहोत आणि सरकार कागद मागते, ही तक्रार मी आपल्याकडेही पुष्कळदा ऐकली आहे. पण वादळात पडलेले झाड हे तोडून रचलेल्या लाकडासारखे नसते, एवढे समजले की कागदाचे कारणही समजते.

दोन्ही टोकांना टेकलेल्या आणि मध्ये अधांतरी राहिलेल्या खोडाचा विचार करा. त्याची वरची बाजू दाबाखाली असते आणि खालची ताणाखाली. थेट वरून करवत चालवीत गेले तर खाच मिटते आणि पाते अडकून बसते. म्हणून आधी वरून थोडे कापावे लागते व उरलेले खालून. खोड एकाच टोकाला टेकलेले असेल तर हिशेब नेमका उलटा. मोठ्या खोडाखाली वाकून दबलेले कोवळे झाड तर ताणलेल्या धनुष्यासारखे असते. ते सुटले की माणसाचे डोके फोडते. सर्वांत फसवी असते ती मुळांची उभी राहिलेली चकती. खोड कापून वजन कमी झाले की ती माती-दगडांसह परत आपल्या खड्ड्यात उभी राहू शकते. त्या खड्ड्याकडच्या बाजूला कोणी उभा असेल तर बोलावयासच नको. म्हणून तेथील वन सेवा करवत चालविणाऱ्याची परीक्षा घेते, त्याच्याकडून प्रथमोपचार शिकून घेते, शिरस्त्राण, चष्मा व मांड्यांवरचे संरक्षक आच्छादन यांचा आग्रह धरते आणि त्याला एकट्याने काम करू देत नाही. १९७२ च्या एका कायद्याने वनात काम करणाऱ्या स्वयंसेवकाला इजा झाल्यास सरकारी कर्मचाऱ्याप्रमाणे भरपाईची सोय आहे; पण ती रीतसर नोंद झालेल्या स्वयंसेवकाला. नाव नोंदविण्याच्या कागदाला असा अर्थ आहे.

झाड कापले, ओंडके उताराकडे सारले, वाट मोकळी झाली. छायाचित्रे निघतात ती येथवर. माझ्या मते वाटेची खरी दुरुस्ती याच्यापुढे सुरू होते, आणि तिचा संबंध लाकडाशी नसून पाण्याशी आहे.

याबाबतीत मी स्वतः पोळलो आहे. महाविद्यालयात असताना राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही पन्नास-साठ मुलांनी एका डोंगराळ गावी दहा दिवस खपून वाडीवर जाणारा रस्ता केला. अंतर कमी व्हावे म्हणून तो उताराला सरळ धरून वर नेला. हातांना फोड आले, वर्तमानपत्रात छायाचित्र आले, पाहुण्यांनी फीत कापली. पुढच्या दिवाळीत मी त्या गावी गेलो, तर रस्त्याच्या जागी कमरेएवढी घळ पडलेली होती. बैलगाडी सोडाच, बाया डोक्यावर हंडा घेऊन पूर्वी ज्या जुन्या वळणाच्या पायवाटेने जात, त्याच वाटेने पुन्हा जात होत्या. एका म्हाताऱ्याने मला विचारले, “पोरांनो, पाण्याला इचारलं व्हतं का?” मला उत्तर देता आले नाही. आम्ही माणसांसाठी रस्ता केला होता आणि पाण्याने तो आपलासा केला.

पिस्गातील स्वयंसेवक हेच पाण्याला विचारीत असतात. त्यांचे नियम आपल्या मृद्‌संधारणातील माणसाला लगेच ओळखीचे वाटतील. वाट उताराला सरळ नेऊ नये, डोंगराच्या कडेने आडवी न्यावी. वाटेचा चढ हा त्या डोंगरउताराच्या निम्म्याहून अधिक असू नये; अधिक झाला की पाणी वाट ओलांडून जाण्याऐवजी वाटेतूनच धावू लागते. वाटेची दरीकडील कड आतल्या कडेपेक्षा किंचित खाली ठेवावी, म्हणजे पाणी पातळ थराने पसरून निघून जाते. ठरावीक अंतरावर वाट थोडी वर चढवून पुन्हा उतरवावी, म्हणजे त्या खोलगटातून पाण्याला बाहेर पडणे भाग पडते. आपण शेतात समतल चर काढतो ते पाणी अडवून मुरविण्यासाठी. येथे पाणी अडवायचे नाही, त्याला वाटेवरून लवकर निरोप द्यावयाचा आहे. हेतू वेगळा, पण उताराचे वाचन तेच.

वापराने वाट मध्यभागी दबते आणि दरीकडील कडेला मातीची वरवंडी साचते. पाहताना ती संरक्षक कठड्यासारखी दिसते. प्रत्यक्षात तीच पाणी कोंडते. ती काढून टाकणे हे वर्षानुवर्षांचे, कंटाळवाणे काम आहे. त्यासाठी ते लोक दोन अवजारे वापरतात. एकाला एका बाजूस कुऱ्हाड व दुसऱ्या बाजूस कुदळीसारखे आडवे पाते असते. १९१० च्या मोठ्या वणव्यात आपल्या माणसांचे प्राण वाचविणाऱ्या एड पुलास्की या वनरक्षकाचे नाव त्याला मिळाले आहे. दुसरे म्हणजे एका बाजूला दंताळे व दुसऱ्या बाजूला खोरे. आपल्याकडील कुदळ, फावडे आणि घमेले यांनी हेच काम उत्तम होते. परदेशी अवजारांची वाट पाहत थांबण्याचे कारण नाही.

हेलेननंतर कित्येक ठिकाणी वाटेची आखणीच बदलण्याचा प्रश्न उभा राहिला. जेथे डोंगराची कूस वाटेसकट खाली गेली, तेथे जुन्या रेषेवर हट्टाने पुन्हा वाट कोरणे म्हणजे पुढच्या वादळाला आमंत्रण. माणसाला मात्र जुनी रेषाच हवी असते. तेथे त्याच्या आठवणी असतात. स्वयंसेवकाच्या कामातला हा सर्वांत अवघड क्षण असावा, असे मला वाटते.

हे सारे केवळ छंदापायी चालले आहे, असे कोणी समजू नये. ओल्ड फोर्ट हे जेमतेम आठशे-हजार वस्तीचे गाव. एके काळी त्याचे पोट रेल्वे आणि कारखान्यांवर चाले. अलीकडे गावकऱ्यांनी भोवतालच्या वनात ४२ मैल, म्हणजे सुमारे ६८ किलोमीटर नव्या वाटा आखण्याचा प्रकल्प हाती घेतला. चालणारे व सायकलस्वार यावेत, त्यांनी गावात जेवावे, राहावे, हा हेतू. २०२२ पासून त्या वाटा खुल्या होऊ लागल्या होत्या. दोनच वर्षांनी वादळ आले आणि गावात पाणी शिरले. अशा गावात वाटेवरचे एक झाड कापले जाते तेव्हा खानावळीच्या चुलीचाही प्रश्न थोडा सुटत असतो. शिवाय पडलेले लाकूड वाळून इंधन होते. मार्च २०२५ मध्ये त्याच राज्याच्या पश्चिम भागात जे वणवे पेटले त्यांना हेलेनने पाडलेल्या झाडांनी खाद्य पुरविले आणि आग विझविणाऱ्यांच्या मार्गात तीच झाडे आडवी होती.

आणखी एक गोष्ट, जी सरकारी माणसाने सांगणे थोडे अवघड आहे. २०२५ च्या प्रारंभी त्या देशाच्या वन सेवेतील अनेक परिविक्षाधीन कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करण्यात आले. पुढे त्यांपैकी कित्येकांना परत घ्यावे लागले. अशा वेळी स्वयंसेवकांकडे बोट दाखवून, ‘हे आहेतच की फुकट करणारे’ असे म्हणण्याचा मोह कोणत्याही शासनाला होऊ शकतो. पण आखणी तपासणारा, परीक्षा घेणारा, कोणता भाग केव्हा उघडावा हे ठरविणारा पगारी माणूस जागेवर नसेल, तर शंभर स्वयंसेवक जमूनही त्यांना करवत सुरू करता येत नाही. म्हणून उद्या आपल्याबरोबर जे वनरक्षक येणार आहेत त्यांना पाहुणे समजू नका, आणि त्यांनीही आपणांस मजूर समजू नये.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा वर जाण्यास एक निसरडी पायवाट तेवढी होती. मदतीची माणसे त्याच वाटेने चढली. गिरिभ्रमण मंडळांतले कार्यकर्तेही त्यांत होते. आपण उद्या जी वाट हाती घेणार आहोत तिच्या वरच्या टोकालाही एक वाडी आहे.

तेव्हा उद्याची व्यवस्था सांगतो. सकाळी साडेसहाला शाळेच्या पटांगणात जमावयाचे. कोयते आणि करवती वनरक्षकांच्या ताब्यात राहतील; फावडी व घमेली प्रत्येक गटाला दोन-दोन मिळतील. पहिला तासभर कोणी कुदळ मारावयाची नाही, वाट फक्त खालून वर चालत जावयाची आणि पाणी कोठून शिरते व कोठून बाहेर पडते तेथे चुन्याची खूण करावयाची. आकाश भरून आलेले आहे. पाऊस आला तर शाळेत परतू नका, छत्री मिटा आणि पाण्याच्या मागोमाग चाला. मात्र विजा चमकू लागल्या किंवा वरून दगड सुटू लागले, तर वनरक्षक सांगतील त्या क्षणी खाली या.