बाळंतविडा कुणाला द्यायचा?

दुपारची वेळ आहे. कुणी धान्य निवडत असाल, कुणी शेताच्या बांधावर मोबाईलचा आवाज मोठा करून बसल्या असाल. मागच्या वेळी आपण समूहाच्या कर्जावर बोललो होतो. आजचा विषय वेगळा आहे. देवाच्या नावानं, धर्माच्या नावानं बाळंतिणींसाठी आणि तान्ह्या बाळांसाठी जगभर लोक काम करतात, त्याविषयी बोलायचं आहे. विषय मोठा आहे, पण आम्ही तो आमच्या समूहाच्या लोखंडी पेटीपासूनच सुरू करणार, कारण आमच्यासाठी तो तिथूनच सुरू झाला.

आमच्या एका समूहानं ठरवलं होतं की गावात जी बाई बाळंत होईल तिला समूहाकडून बाळंतविडा द्यायचा. आपल्याकडे लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला माहेरून तो जातोच. पण जिचं माहेर दूर, जिची आई नाही, जिच्या घरी दोन वेळचं भागत नाही, तिला कोण देणार? म्हणून दर बैठकीला दहा रुपये वेगळे काढले. जुन्या सुती लुगड्यांची, धोतरांची मऊ दुपटी शिवली. टोपडं, पायमोजे, छोटी गोधडी, साबण, बाळंतिणीसाठी कपड्याच्या घड्या, शेंगदाणा-गुळाचे लाडू. पाच बोचकी बांधून पेटीत ठेवली. त्यांवर इतिवृत्ताच्या वह्या. आम्हाला फार कौतुक वाटत होतं स्वतःचं.

पौषातली थंडी होती. एक पोरगी गुजरातेतून परत आली. नवऱ्याबरोबर उसतोडीला गेली होती, तिथंच पडावावरच्या खोपटात बाळंत झाली. बाळ अकरा दिवसांचं, मुठीएवढं. आमच्या बैठकीत विषय निघाला आणि लगेच कुणीतरी म्हणालं, "ती समूहात कुठं आहे?" दुसरी म्हणाली, "ते लोक प्रार्थनेला जाणारे. त्यांचे लोक बघतील की." तिसरीनं सांगितलं, "तिच्या सासूनं आपल्या एकीला पाण्यावरून शिव्या दिल्या होत्या." मग नियम काढला, ठराव काढला. पुढच्या बैठकीत ठरवू, असं ठरलं. तिकडे प्रार्थनेच्या लोकांचंही असं होतं की हे कुटुंब वर्षभर येईनासं झालंय, मग ते आता आपले कसे? म्हणजे यांना वाटलं ते बघतील, त्यांना वाटलं हे बघतील.

पुढच्या बैठकीच्या दोन दिवस आधी बाळ गेलं.

गोधडी वेळेवर दिली असती तर ते वाचलं असतं, असं आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही तसं म्हणत नाही. बाळ वजनानं फार कमी होतं. पण ते गार पडलं होतं, आणि गोधडी आमच्या पेटीत वह्यांखाली होती. इतकं मात्र खरं.

त्यानंतर दोन महिने त्या समूहात कुणी बाळंतविड्याचं नाव काढलं नाही. मग आम्ही समन्वयक ताया बसलो आणि ठरवलं की या प्रश्नावर भांडण करायचं नाही, आधी वाचायचं. हा प्रश्न आपल्यालाच पहिल्यांदा पडलाय का? बी.ए.ला असताना यातलं काही आम्ही पाच मार्कांसाठी पाठ केलं होतं. आता ते वेगळ्याच नजरेनं वाचलं.

पुण्यात १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तेव्हा लहान वयात विधवा झालेल्या ब्राह्मण मुलींना पुन्हा लग्न नव्हतं. घरातल्याच कुणाकडून दिवस जायचे, आणि मग विहीर तरी नाही तर बाळाचा गळा तरी. फुल्यांनी गावात जाहीर करून टाकलं की इथं येऊन गुपचूप बाळंत व्हा, मूल न्यायचं तर न्या, ठेवायचं तर ठेवा. देवाला जोतिराव 'निर्मिक' म्हणत, आणि निर्मिकाची सगळी लेकरं सारखी, हा त्यांचा धर्म. आता बघा, ज्या जातीनं त्यांना त्रास दिला त्याच जातीच्या पोरींची बाळंतपणं सावित्रीबाईंनी आपल्या घरी केली. शेणाचे गोळे विसरल्या असतील का त्या? आम्हाला नाही वाटत. आमच्या समूहात पाण्यावरच्या शिव्या दोन वर्षं लक्षात होत्या!

अशाच एका काशीबाईचा मुलगा यशवंत त्यांनी १८७४ मध्ये आपला म्हणून घेतला. तो पुढं डॉक्टर झाला.

पण आम्हाला सगळ्यात जास्त थांबवलं ते जोतिरावांनी स्वतःच १८८४ मध्ये लिहून ठेवलेल्या हिशेबानं. तोवर त्या घरात ३५ विधवा बाळंत झाल्या होत्या आणि मुलं जिवंत होती फक्त पाच. कारण घरापर्यंत पोचण्याआधी त्यांच्या पोटात मूल पाडायची विषारी औषधं गेलेली असायची. म्हणजे दार उघडं होतं, मन उघडं होतं, तरी बाई तिथं पोचेपर्यंत उशीर झालेला. हे वाचून दाखवलं तेव्हा बैठकीत एक मावशी हळूच म्हणाल्या, "आपलं पण तसंच झालं ना, ताई. आपण बाळ झाल्यावर बोचकं घेऊन निघणार होतो."

पंढरपुरातही असं काम झालं. प्रार्थना समाजाचे लालशंकर उमियाशंकर तिथं न्यायाधीश होते. त्यांनी १८७५ मध्ये टाकलेल्या बाळांसाठी आणि अडचणीत सापडलेल्या बायांसाठी आश्रम काढला. आपण एकादशीला विठोबाला जातो, पण हे किती जणींना माहीत आहे?

आता तुम्ही म्हणाल, धर्मवाले मदत करतात ती आपल्याकडे ओढायला. ही शंका खोटी नाही आणि आम्ही ती झाकणार नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये विधवांसाठी शारदा सदन काढलं. त्या स्वतः ख्रिस्ती झालेल्या. मुली त्यांच्या प्रार्थनेला बसायला लागल्या म्हणून १८९३ मध्ये पुण्यातल्या मोठमोठ्या हितचिंतकांनी पाठिंबा काढून घेतला. भांडण पेपरात गेलं. पुढं दुष्काळात रमाबाईंनी केडगावला शेकडो मुली-बायांना आसरा दिला. तिथल्या कृपासदनात समाजानं टाकलेल्या बायांनाही जागा होती. आमचं मत विचाराल तर, मदत घेतली म्हणून कुणाला देव बदलावा लागू नये, आणि देव बदलला म्हणून कुणाची मदत तुटू नये. आमच्या गावात दुसरी गोष्ट घडली होती. तिच्यावर मात्र कुणी पेपरात लिहीत नाही.

तमिळनाडूतली एक गोष्ट ऐका. इडा स्कडर नावाची अमेरिकन मिशनरी डॉक्टरची मुलगी आईच्या आजारपणासाठी इकडे आली होती. हिला भारतात राहायचंच नव्हतं. एका रात्री एकामागून एक तीन माणसं दारात आली. एक ब्राह्मण, एक मुसलमान, एक आणखी दुसऱ्या जातीचा हिंदू. तिघांच्याही बायका अडलेल्या. तिचे वडील डॉक्टर होते, पण परपुरुषानं बायकोला हात लावलेला तिघांनाही चालेना, आणि तिला तर काहीच येत नव्हतं. सकाळपर्यंत तिन्ही बाया गेल्या. ती परत गेली, डॉक्टर होऊन १९०० साली आली आणि वेल्लोरला दवाखाना उभा केला. १९१८ मध्ये बायांना डॉक्टरकी शिकवायची शाळाही काढली. तीन देव, तीन घरं आणि मरण एकच. आम्ही ही गोष्ट सांगितली तेव्हा बैठकीत कुणी बोललं नाही.

त्याच वेल्लोरच्या कॉलेजात आपल्या महाराष्ट्राचे डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे शिकले. हे नवराबायको श्रद्धेनं ख्रिस्ती. १९७० मध्ये ते जामखेडला गेले, कायम दुष्काळी भाग. तेव्हा तिथं जन्मलेल्या हजारातली १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. त्यांनी दवाखाना काढला, पण खरं काम वेगळंच केलं. गावागावातून एकेक बाई निवडली. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. त्यांना शिकवलं: गरोदर बाई कशी तपासायची, नाळ स्वच्छ ब्लेडनं कशी कापायची, बाळ उबदार कसं ठेवायचं, जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं. ज्या बाईच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं तिच्या हातात गावानं आपली बाळं दिली. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत हजारामागचा तो आकडा तिशीच्या आत आला. आज आपल्या आशाताई जे काम करतात त्याची एक मोठी मुळी जामखेडला आहे. दुसरी गडचिरोलीला, डॉक्टर बंग पतीपत्नींच्या कामात. ते धर्माच्या नावानं नव्हे, गांधी-विनोबांच्या विचारानं. देवानं पाठवलं की विचारानं, बाळाला कळत नाही.

आपल्याच जिल्ह्यात नवापूर तालुक्यात, सुरत-धुळे रस्त्यावर, चिंचपाड्याचं ख्रिश्चन हॉस्पिटल आहे. स्वातंत्र्याच्या आधीपासूनचं. आपल्यातल्या कित्येकींचा, कित्येकींच्या आयांचा जन्म तिथला असेल. देवळात जाणारी जाते, देवमोगरा मातेला नवस बोललेली जाते, चर्चला जाणारीही जाते.

देशाबाहेर बघा. कराचीत अब्दुल सत्तार एधी आणि त्यांच्या पत्नी बिल्किस यांनी आपल्या केंद्रांच्या बाहेर पाळणे ठेवले. बाळ मारू नका, यात ठेवा, असं सांगितलं. एधी मूळचे गुजरातमधल्या बांटव्याचे, म्हणजे आपल्या शेजारच्याच राज्यातले. पुण्यात फुल्यांनी सांगितलं तेच शंभर वर्षांनी तिकडे एक मुसलमान जोडपं सांगत होतं, आणि त्यांनी फुल्यांचं नाव ऐकलं होतं की नाही कोण जाणे. आफ्रिकेत इथिओपियामध्ये कॅथरीन हॅमलिन ही ऑस्ट्रेलियाची डॉक्टर नवऱ्याबरोबर १९५९ मध्ये गेली आणि २०२० मध्ये मरेपर्यंत तिथंच राहिली. दिवस दिवस अडलेल्या बाळंतपणानंतर ज्या बायांची लघवी सतत गळत राहते आणि घरचे ज्यांना बाहेर काढतात, त्यांची ऑपरेशनं तिनं केली. पुढं तिच्या लक्षात आलं की ऑपरेशन करत बसण्यापेक्षा बाई अडूच नये, म्हणून खेड्यात पाठवायला सुईणी शिकवायचं कॉलेज काढलं. अमेरिकेत तर चर्चच्या बाया एकत्र बसून बाळाचे सदरे, लंगोट, साबण, पांघरूण यांची बोचकी बांधतात आणि दूरदेशी पाठवतात. हे ऐकल्यावर आमच्या बाया हसल्या. "अगं, म्हणजे बाळंतविडाच की!"

तर मग आम्ही काय केलं ते सांगतो.

बोचकी पुन्हा बांधली. पण आता ती सातव्या महिन्यात देतो, बाळ झाल्यावर नाही. देताना दोघी जातात आणि अर्धा तास बसतात. दुपट्यांची घडी उलगडून सांगतात: बाळ जन्मल्या जन्मल्या कोरडं पुसायचं, आंघोळ घालायची नाही, आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, वरून दोघांवर पांघरूण, तासाभरात अंगावर पाजायचं. मध नाही, गुळाचं पाणी नाही, गुटी नाही. नाळेला हळद नाही, राख नाही, शेण तर नाहीच. बाळ अडीच किलोच्या आत असलं तर टोपडं काढायचंच नाही आणि दिवसातून जमेल तितका वेळ छातीशी धरायचं, घरातल्या दुसऱ्या कुणीही धरलं तरी चालतं, बापानंही. एका बापानं धरलं तेव्हा सगळा पाडा बघायला आला होता, पण धरलं त्यानं. बाळ प्यायचं बंद झालं, हातपाय गार लागले, छाती आत ओढत श्वास घेऊ लागलं, तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन. सरकारी दवाखान्यात बाळंतपण आणि आजारी तान्ह्याचा उपचार फुकट आहे, हे दरवेळी सांगावंच लागतं. जिथं रस्ता नाही, झोळी करून न्यावं लागतं, तिथल्या बाईला आठ-दहा दिवस आधीच दवाखान्याजवळच्या माहेरघरात जायला राजी करतो. ते सगळ्यात अवघड. "घरची कोंबडी-बकरी कोण बघणार?" असं म्हणतात. मग बकरी बघायची पाळी समूहात लावली. हसू नका, बाळंतविड्यापेक्षा तिचाच जास्त उपयोग झालाय.

आणि उसतोडीहून कुणी परत आलं की त्याच संध्याकाळी एकजण जाऊन विचारते, पोटुशी कुणी आहे का, तान्हं आहे का. परगावी जन्मलेलं बाळ आशाताईंच्या यादीत नसतं. यादीत नसलं की बेचाळीस दिवसांतल्या त्यांच्या भेटीही होत नाहीत. त्या पोरीचं तेच झालं होतं. आता आम्ही नाव त्याच दिवशी कळवतो.

बाळंतविडा कुणाला द्यायचा, याचा ठरावही झाला. फार मोठा नाही, इतिवृत्तात एकच ओळ आहे: "जी बाळंत होणार तिला." त्याच्याखाली अकरा सह्या आणि तीन अंगठे आहेत. सही करताना ज्या ताईंनी "ते लोक" म्हटलं होतं त्या रडल्या. आम्ही त्यांना काही बोललो नाही, कारण त्या दिवशी गप्प आम्हीही बसलो होतो.

ती पोरगी यंदा पुन्हा पोटुशी आहे. उसाला गेलेली नाही. पाचवा महिना आहे, दर पंधरा दिवसांनी अंगणवाडीत वजनाला येते. गेल्या बुधवारी बैठकीला आली, दाराशीच बसली. आजीबाईंनी सरकून सतरंजीवर जागा केली. तिच्यासाठी गोधडी कोण शिवणार यावरून मग थोडं भांडण झालं. चौघींना शिवायची होती.