पडद्यासमोर कोण कुठं बसलं?

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या सगळ्या बचत गटांसाठी.

जत्रेतला तंबूतला सिनेमा आपल्यातल्या वयस्कर बायांना आठवत असेल. मातीत बसायचं, मध्ये दोरी, एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला पुरुष. आता सिनेमा मोबाईलमध्ये आलाय. जो तो एकटा बघतो आणि विसरतो. म्हणून आमच्या गटानं गेल्या हंगामात ठरवलं, महिन्यातून एकदा समाजमंदिराच्या भिंतीवर पांढरी चादर लावायची आणि सगळ्यांनी मिळून एक सिनेमा बघायचा. बघून झाला की लगेच उठायचं नाही, बोलायचं.

पहिला 'फँड्री' लावला. तो बनवणारे नागराज मंजुळे उजनीच्या पलीकडचे, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. कैकाडी समाजातल्या जब्याला शाळेतल्या पोरांदेखत डुकरं धरावी लागतात. पडदा कोरा झाल्यावरही बराच वेळ कुणी बोललं नाही.

दुसऱ्या महिन्यात कॉलेजला जाणाऱ्या आमच्या एका मुलीनं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांचा माहितीपट आणला. काही जणी म्हणाल्या, "तिकडचं आपल्याला काय करायचंय?" तेव्हा तिनं सांगितलं की जोतिराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या सुटकेसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं. म्हणजे ही ओळख काही आजची नाही.

तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. तिकडं ऑस्कर मिशो नावाचे एक कृष्णवर्णीय शेतकरी होते. त्यांचे आईवडील गुलामीत जन्मलेले. मोठ्या कंपन्यांच्या सिनेमात आपल्या लोकांची टिंगलच व्हायची, तेव्हा त्यांनी शेतकऱ्यांना शेअर विकून भांडवल उभं केलं आणि 1919 साली स्वतःचा सिनेमा काढला. मग रिळं घेऊन गावोगाव हिंडले. पै-पै जमवून काम उभं करणं आपल्याला नवं नाही. त्या काळी तिथल्या बऱ्याच थिएटरांत कृष्णवर्णीयांना वर गॅलरीत वेगळं बसवायचे.

हे ऐकताना आमच्यातल्या एकीनं मागं वळून पाहिलं. ऊसतोडीच्या टोळीतल्या पाच-सहा बायांना आम्हीच बोलावलं होतं. त्या सगळ्यात मागं, चपला काढल्या होत्या तिथं बसल्या होत्या. सतरंजी पुढं रिकामी होती. बसू नका असं कुणी म्हटलं नव्हतं, पण या म्हणूनही कुणी म्हटलं नव्हतं. आम्ही उठून त्यांना पुढं आणलं. लाज आम्हाला वाटायला हवी होती, लाजत मात्र त्याच होत्या.

मग माहितीपट सुरू झाला. त्याचं नाव 'आय ॲम समबडी', म्हणजे 'मलाही किंमत आहे'. मॅडलिन अँडरसन या कृष्णवर्णीय बाईंनी कामगार युनियनसाठी 1970 साली तो बनवला. जेमतेम अर्ध्या तासाचा आहे. इंग्रजी आहे म्हणून मुलगी थोड्या थोड्या वेळानं थांबवून मराठीत सांगत होती. 1969 साली चार्ल्सटन शहरातल्या दवाखान्यांतल्या चारशेवर कामगारांनी संप केला. बहुतेक सगळ्या कृष्णवर्णीय बाया. पगार तुटपुंजा, वागणूक अपमानाची, आणि युनियनसाठी धडपडणाऱ्या बारा जणींना कामावरून काढलेलं. रस्त्यावर बंदुका घेतलेले शिपाई उभे. तरी शंभर दिवसांच्या आसपास त्या हटल्या नाहीत. काढलेल्या जणींना परत कामावर घेतलं, पगार वाढला. युनियनला मान्यता मात्र मिळाली नाही.

ते बघून टोळीतली एक बाई हळूच म्हणाली, "ताई, त्या बायांनी उचल घेतलेली नव्हती का?"

आम्ही गप्प झालो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. उचल मुकादमाकडून नवऱ्याच्या हातात. ती फिटेपर्यंत काम सोडता येत नाही, मग संप कसला? राबते दोघांच्या बरोबरीनं, आणि हिशोबात तिचं नावच नाही. आणि मैत्रिणींनो, तो ऊस आपल्याच फडातला असतो. ऊस वेळेवर तुटावा म्हणून आपणच मुकादमाला फोन करतो. तिचा प्रश्न अमेरिकेला नव्हता, आम्हाला होता.

उत्तर सुचायच्या आत फडात गाडी आल्याचा निरोप आला. मोळ्या भरायला बाया उठून गेल्या. शेवट त्यांनी पाहिलाच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही लॅपटॉप घेऊन त्यांच्या कोप्यांवर गेलो आणि राहिलेला भाग दाखवला. त्या दिवशी जमिनीवर आम्ही बसलो, आणि चहा त्यांनी केला.

त्या बैठकीत एक छोटं काम ठरलं. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून रोज किती गाड्या भरल्या, किती टन ऊस गेला, हे आमच्यातली एक जण वहीत लिहू लागली. नवऱ्याच्या नावाशेजारी बायकोचंही नाव. हंगाम संपताना मुकादमाच्या हिशोबाशी ताडून पाहायला निदान काहीतरी हाताशी राहिलं. उचल फिटली असं आम्ही म्हणणार नाही. पण तिचं नाव कागदावर आलं.

तुम्हीही सिनेमा लावा. अर्ध्या तासाचाच लावा, म्हणजे दमून आलेल्या बाईला झेपेल. स्वयंपाक उरकल्यावर, पण गाडी यायच्या आत लावा. सिनेमा परवानगीनं मिळवा. भाषा परकी असली तर सांगणारी एक जण ठेवा. बोलायला सिनेमाएवढाच वेळ ठेवा. आणि दिवा बंद करायच्या आधी एकदा मागं वळून बघा, चपलांपाशी कोण बसलंय. तिला पुढं बोलवा.