मुंबई ते दुबई : अंतर किती, वेळ किती?

आम्ही बचत गटाच्या बायका आज दुबईच्या वाटेबद्दल बोलणार आहोत. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांतली माणसं आखाती देशांत आहेत. आता काही बायकाही घरकामाला जायचं म्हणतात. तेव्हा बैठकीत पहिला प्रश्न येतो, "ताई, दुबई किती लांब हो?"

मुंबईहून दुबईचं सरळ हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर आहे. मुंबई-दिल्ली हवाई अंतर साधारण १,१५० किलोमीटर. म्हणजे दुबई दिल्लीच्या दुप्पटही लांब नाही. थेट विमानाला जाताना तीन-सव्वातीन तास लागतात. येताना बहुधा थोडे कमी, कारण उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि येताना ते विमानाच्या पाठीशी असतात.

आता तिकीट कसं वाचायचं ते बघू. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं, आणि तिकिटावर ज्या-त्या शहराची वेळ छापतात. इथून सकाळी १० ला सुटलेलं विमान तीन तासांनी पोचलं, की आपल्याकडे १ वाजलेला असतो, पण तिथे साडेअकरा. तिकीट बघणारीला वाटतं, प्रवास दीडच तासाचा. परत येताना उलट होतं. तिथून १० ला सुटलेलं विमान इथे अडीचला उतरतं.

तारीखही नीट बघा. १५ तारखेला पहाटे दीडचं विमान असेल, तर १४ च्या रात्रीच विमानतळावर पोचायला हवं.

फोनचंही तेच. तिथे काम उरकून रात्री ९ ला फोन केला, तर इथे साडेदहा झालेले असतात. लेकरं झोपलेली असतात. म्हणून बोलायची वेळ निघण्याआधीच ठरवा.

आणि तीन तास हा नुसता हवेतला वेळ. गावाहून मुंबई गाठायची, तीन तास आधी विमानतळावर हजर व्हायचं, उतरल्यावर पुन्हा रांग. खेड-चिपळूणच्या बाईने दारापासून दारापर्यंत पुरता एक दिवस धरावा.

एजंट मात्र एवढंच सांगतो, "तीन तासांचा तर प्रवास, वाटेल तेव्हा परत या." मैत्रिणींनो, परतीची वाट किलोमीटरवर ठरत नाही, कागदांवर ठरते. पर्यटनाच्या व्हिसावर तिथे नोकरी करता येत नाही. तसं गेलं, तर पगार थकला तरी तक्रार करणं अवघड होतं. पासपोर्टवर 'ईसीआर' असेल, तर कामाला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते, आणि बाईचं वय ३० पूर्ण असावं लागतं. एजंट नोंदणीकृत आहे का, हे 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर दिसतं. मालकाने पासपोर्ट ठेवून घेणं तिथल्या कायद्यातही बसत नाही.

म्हणून जाणाऱ्या बाईने पासपोर्ट, व्हिसा, करार आणि तिकिटाची एकेक झेरॉक्स घरी ठेवावी. मालकाचं नाव, पत्ता, फोन नंबर घरच्यांकडे लिहून द्यावा. तिकीट आणि करार गटाच्या बैठकीत घेऊन या. आपण सगळ्याजणी मिळून वाचू, न कळलेला शब्द विचारू, आणि मगच सही करू.