वाट सर्वांस मोकळी असो
(ज्युबिली सोहळ्यात केलेले भाषण)



ज्युबिलीच्या शुभप्रसंगी उपस्थितांचे आभार मानण्याची रीत आहे. आम्ही मात्र आज अनुपस्थितांविषयी दोन शब्द बोलणार आहो.

कफर्णहूम गावी चौघांनी एका पक्षघाती मनुष्यास खाटेवर घालून प्रभूकडे आणिले. दारी गर्दी होती, म्हणून त्यांनी छप्पर उघडून खाट खाली सोडिली. मार्कलिखित शुभवर्तमानातील ही कथा ऐकून आपण त्या चौघांची श्रद्धा वाखाणितो. परंतु दार अडवून उभे राहिलेले आपणच तर नव्हे ना, असे कोणी स्वतःस विचारितो काय?

१८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यास निघालेली पहिली आगगाडी आपल्या मुलुंडावरूनच गेली. आज लोकलगाडीत दिव्यांगांसाठी राखीव डबा असतो. पण जेथे पुलास केवळ पायऱ्याच आहेत, तेथे त्या डब्याचा उपयोग काय? मंदिराचेही तसेच. आजाऱ्यास घरी ख्रिस्तशरीर मिळते खरे. परंतु मंडळीचा सहवास घरी कोण नेऊन देणार?

२०११ च्या जनगणनेत देशातील दिव्यांगांची संख्या सुमारे २ कोटी ६८ लाख भरली. २०१६ च्या कायद्याने सार्वजनिक इमारतींच्या व्याख्येत धर्मकार्याच्या इमारतीही घातल्या आहेत. तेव्हा हे काम केवळ दयेचे नव्हे, न्यायाचे आहे.

आणि ते अवघडही नाही. उतरणीचा नियम एकास बारा असा आहे. सहा सहा इंचांच्या तीन पायऱ्या असल्यास अठरा फूट लांबीची उतरण पुरते. तिच्यावरून चाकाची खुर्ची जाईल, काठी टेकणारी आजी जाईल, तान्ह्याची गाडी ढकलणारी माता जाईल आणि शवपेटी वाहणाऱ्यांचे पायही अडखळणार नाहीत. अमेरिकेतील वास्तुशिल्पी रोनाल्ड मेस स्वतः चाकाच्या खुर्चीवर बसत. सर्वांस सोयीची ती रचना उत्तम, हेच त्यांचे सांगणे होते. खुर्चीस जागा मात्र मागे कोपऱ्यात नको, कुटुंबाच्या बाकाशेजारी असावी. गीतांची पुस्तके ठळक टायपात छापावीत, म्हणजे मंददृष्टीच्या बांधवांचाही कंठ फुटेल.

जुन्या करारातील ज्युबिलीच्या वर्षी प्रत्येक जण आपल्या कुळात परत येई. आपल्या ज्युबिलीतही तसेच घडो. नवी रोषणाई मागाहून होईल. आधी उतरण बांधू या, म्हणजे पुन्हा कोणास छप्पर उघडावे लागणार नाही.

प्रभू आपणां सर्वांस तशी बुद्धी देवो.