डाव्या कानाची खूण

रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळी घ्यायला येणारे पाहुणे हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. इथल्या मांजरांचे कान कुणी कापले? डाव्या कानाचं टोक, कात्रीने सरळ छाटल्यासारखं. कुणाला वाटतं भांडणात गेलं असेल, कुणाला वाटतं पोरांचा वांडपणा. त्या कानांत माझाही थोडा हात आहे, म्हणून आज कविता बाजूला ठेवून मांजरांबद्दल बोलतो.

मी बंदराजवळच्या मोहल्ल्यात राहतो. आमच्या घरांत मांजर परकं नाही. अबू हुरैरा हे नाव आमच्यात मोठ्या आदराने घेतात. त्याचा अर्थच मुळी ‘मांजराच्या पिल्लाचा बाप’. दादी ताटातलं माशाचं डोकं मांजरासाठी काढून ठेवायची. तेच मी पुढे चालवलं. कामावरून येताना दूध, चपातीचे तुकडे, बांगड्याची डोकी. तीन मांजरं होती, त्यांची नऊ झाली, मग मोजणं सोडलं. संध्याकाळी माझ्या सायकलची घंटी वाजली की होड्यांखालून शेपट्या वर करून वरात निघायची. मला ते फार आवडायचं. त्यावर दोन कविताही लिहिल्या, छापूनही आल्या.

दरवर्षी १ जूनपासून दोन महिने यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या ओढून वर घेतात, शाकारतात, आणि जेटी धुतल्यासारखी रिकामी होते. उन्हाळ्यात जन्मलेली पिल्लं नेमकी याच सुमाराला आईच्या अंगावरून सुटलेली असतात. २०२१च्या जूनमध्ये मी जाळ्यांच्या ढिगाखालून अकरा पिल्लं काढली. डोळे चिकटलेले, नाकातून पाणी. मी त्यांना गाईचं दूध पाजलं, त्याने जुलाब झाले. ते मांजरांना नीट पचत नाही हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. सात पिल्लं गेली. जाळी विणणारे एक चाचा सगळं बघत होते. म्हणाले, “मास्तर, तुम्ही घालता तितकी जन्माला येतात. मग पावसात तुम्ही पुरे पडत नाही.”

मी मास्तर नाही. चष्मा आणि झोळी यामुळे सगळे तसं म्हणतात.

घरी येऊन हिशेब मांडला. मांजरी पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. साधारण नऊ आठवड्यांत विते. पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. वर्षातून दोन-तीन वेळा, दर वेळी तीन, चार, पाच. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. मी डोळे मिटून दूध घालत होतो.

बंदरावर उपाय सांगणारे पुष्कळ. विष घाला, पोत्यात भरून लांब सोडा. विष घालणं १९६०च्या पशुक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहेच. पण लांब सोडूनही भागत नाही. मासळीचा कचरा आहे तोवर ती जागा रिकामी राहत नाही, आजूबाजूची दुसरी मांजरं येतात. म्हणून पकडायचं, शस्त्रक्रिया करायची आणि होतं तिथेच परत सोडायचं.

मासळी विकणारी एक मावशी, कॉलेजातली दोन पोरं, माझी भाची आणि मी, एवढी आमची फौज. खर्चाला वर्गणी. पिंजरा वेल्डरकडून करून घेतला. आतल्या पत्र्यावर पाय पडला की दार खाली येतं. आमिष तळलेला बांगडा, कारण त्याचा वास लांब जातो. भुलीसाठी पोट रिकामं हवं, म्हणून आदल्या संध्याकाळी खाणं बंद. सगळ्यांत अवघड काम हेच. कुणीतरी दयाळू माणूस गुपचूप काही टाकतोच. मांजर आत गेलं की पिंजऱ्यावर कापड. अंधारात ते निवतं. डॉक्टर भुलीतच रेबीजची लस देतात आणि कानाचं टोक काढतात. ही खूण नसेल तर तीच मांजरी पुन्हा धरली जाऊन तिचं पोट पुन्हा फाडलं जायचं.

मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांना हे पटलं नाही. “अल्लाने दिलेलं तुम्ही काढून घेणार?” मी त्यांना मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची गोष्ट सांगितली, जिला त्यासाठी शिक्षा झाली. आमच्याकडे लहान पोरालाही ती ठाऊक असते. ते शांतपणे म्हणाले, “तुम्हीही रात्रभर कोंडून उपाशीच ठेवता ना?” माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. त्यांना अजूनही पटलेलं नाही. पण पिंजऱ्यावर घालायला जुन्या लुंग्या त्यांच्याच घरून येतात.

पहिल्याच वर्षी आमच्याकडून मोठी चूक झाली. एक पांढरी मांजरी धरून दिली. सकाळी डॉक्टरांचा फोन आला, “हिला तर दूध आहे.” म्हणजे पिल्लं मागे कुठेतरी होती, रात्रभर उपाशी. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, त्यातलं कोणतं शोधायचं? दुपारपर्यंत होड्या, जाळी, बर्फाच्या पेट्या पालथ्या घातल्या. शेवटी मावशीला एका फुटक्या थर्माकोलच्या खोक्यामागे आवाज लागला. चार पिल्लं होती. एक थंड पडलं होतं. मांजरीला तशीच परत आणली, बाकी तीन जगली. मी म्हणालो, आपल्याला हे जमायचं नाही, बंद करू. मावशी टोपली उचलता उचलता म्हणाली, “पुढच्या वेळी पोट बघून धरा.”

तेव्हापासून पिंजऱ्यात शिरलेल्या प्रत्येक मांजरीचं पोट आधी बघतो. दूध दिसलं तर दार उघडून सोडून देतो, आणि पिल्लं दोन महिन्यांची झाली की मग तिच्या मागे लागतो. रात्रीचं बोक्यांचं रडणं बरंच कमी झालंय. मांजरांना दगड मारणारा बर्फवाला आता नवं मांजर दिसलं की फोन करतो, “मास्तर, अख्ख्या कानाचं आलंय.” बंदीच्या दोन महिन्यांत पाळ्या लावून भात आणि उकडलेली मासळी घालतो. यंदाही पुरेल की नाही, धाकधूक आहेच.

आणि एक करडी मांजरी तीन वर्षं आम्हाला चकवते आहे. पिंजऱ्यापासून हातभर अंतरावर बसते, बाहेर सांडलेलं तेवढं खाते, आणि जाते. तिची पिल्लं आता दोन महिन्यांची झाली आहेत. पाऊस लागायच्या आत तिला धरायला हवी. आज संध्याकाळी पुन्हा पिंजरा लावतोय. बांगडा तळायचं मावशीने कबूल केलंय.