व्यायामाची वेळ कोणती?



“पहाटे उठणे होत नाही, म्हणून व्यायाम नाही,” असे रात्रपाळी करणारे आपले अनेक बांधव सांगतात. ही सबब आज सोडून देऊ या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालण्यासारखा व्यायाम सांगितला. पहाटेचीच अट घातली नाही. मधुमेही माणूस जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालला, तर रक्तातील साखर कमी चढते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच वेळ ठरवावी. ड्यूटी सुटल्यावर असो, स्वयंपाक आटोपल्यावर असो, जी वेळ नेमाने पाळता येईल, तीच आपली उत्तम वेळ होय. उद्याची वाट पाहू नका. आजच सुरुवात करा, एवढीच विनंती.