एका शब्दाचं मोल
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी बजावलंय, ‘तुझ्या क्षेत्रातलं सांग, पण आम्हाला कळेल असं.’ म्हणून एका भांडणाची गोष्ट सांगते.

तुमच्या खिशातल्या मोबाईलमधल्या चिपची ही जन्मकथा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या जॅक किल्बी यांनी सप्टेंबर १९५८ मध्ये जर्मेनियमच्या तुकड्यावर अख्खं सर्किट चालवून दाखवलं आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. फेअरचाइल्डच्या रॉबर्ट नॉइस यांचा अर्ज जुलैमध्ये आला, पण पेटंट आधी मिळालं नॉइसना, १९६१ मध्ये. झालं, वाद पेटला!

अमेरिकेच्या २०१३ आधीच्या नियमांनुसार अशा वादात दोनच प्रश्न असायचे: हे आधी कोणाला सुचलं, आणि त्याने ते कागदावर नेमकं काय लिहिलं? किल्बींच्या नमुन्यात सोन्याच्या बारीक तारा हाताने, वरून जोडलेल्या होत्या. नॉइस यांच्या अर्जात धातूच्या पट्ट्या ऑक्साइडच्या थराला घट्ट चिकटलेल्या होत्या. किल्बींच्या अर्जातही एक वाक्य होतं, की सोनं ऑक्साइडवर ‘अंथरता’ येईल. आता अंथरलेलं म्हणजे चिकटलेलं का? सतरंजी आपण अंथरतो, ती जमिनीला चिकटते थोडीच!

१९६७ मध्ये पेटंट मंडळाने किल्बींना कौल दिला. नॉइस यांच्या बाजूने अपील झालं आणि १९६९ मध्ये न्यायालयाने निकाल फिरवला: त्या शब्दात ‘चिकटणं’ येतंच असं नाही. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. गंमत म्हणजे दोन्ही कंपन्यांनी १९६६ मध्येच एकमेकींना परवाने देऊन तडजोड केली होती.

२००० मध्ये किल्बींना नोबेल मिळालं. नॉइस १९९० मध्येच गेले होते. किल्बींनी नोबेलच्या भाषणात त्यांची आठवण काढली. मान दोघांचाही राहिला, पण त्या पट्ट्यांचा हक्क मात्र एका शब्दाने ठरवला.

इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला मराठीचे मार्क कोणी मोजले नाहीत. नोकरीत मात्र रोज मोजले जातात. ‘असावं’ आणि ‘असलंच पाहिजे’ यांतला फरक कागदावर सुटला, की प्रोग्राम वेगळाच तयार होतो. म्हणून आपल्या मुलांना गणित-विज्ञानाच्या क्लासला जरूर घाला, पण भाषेचा तास ‘वाया’ म्हणू नका.

आणि भाषा शिकवणाऱ्या बाई-सरांनो, वहीत तुम्ही लाल शाईने ‘नेमका शब्द?’ असं लिहायचात. त्या शेऱ्यावर आमचं पोट चाललंय. तुम्हाला मनापासून नमस्कार.